‘हे इथून तिथे गेलं’ म्हणजे नेमकं कुठून कुठे?

कॉलेजच्या मास्तरांना ट्रेनिंग देणं हे वेगळंच प्रकरण आहे, कारण हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाला बोलायची सवय, ऐकायची कुणालाच नाही (त्यात मी पण आलोच), आणि निम्म्यांचं लक्ष सर्टिफिकेट कधी वाटणार याच्याकडे. त्यांचा दोष नाही म्हणा, प्रमोशनच्या फाईलला ते कागद लागतातच. पण विषय जर ‘वर्गातल्या सगळ्या मुलांपर्यंत पोचेल असं शिकवणं’ असा असेल, म्हणजे न दिसणारी, कमी ऐकू येणारी, वाचताना अक्षरं उलटीसुलटी होणारी, दहावीपर्यंत मराठीत शिकून पीयूसीला (म्हणजे कर्नाटकातली अकरावी-बारावी) एकदम इंग्रजी पुस्तकापुढे येऊन बसलेली, अशी सगळी, तर मग दोन तास पीपीटी बघून काही म्हणजे काही होत नाही. असले कार्यक्रम मी भरपूर ऐकलेत. एका ठिकाणी इन्क्लूझिव टीचिंगवर बोलणाऱ्या सरांच्या स्लाईडवर अक्षरं एवढी बारीक की पहिल्या रांगेतल्या मॅडम चष्मा वर-खाली करून दमल्या, आणि सर आपले वाचतायत, ‘मटेरियल शुड बी रीडेबल’!

तर गेली काही वर्षं मी आणि आमचा एक माजी विद्यार्थी (तो पूर्ण अंध आहे, खानापूरकडचा, आता नोकरीला आहे) मिळून बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या डिग्री कॉलेजांत हे ट्रेनिंग घेतो. मी कॉमर्सचा माणूस, स्पेशल एज्युकेशनची डिग्री वगैरे माझ्याकडे नाही. आणि ट्रेनर तोच आहे, मी मदतनीस. त्याच्या रजेचे आणि येण्याजाण्याचे पैसे कॉलेजने द्यायचे ही आमची पहिली अट, कारण ‘प्रेरणादायी मनोगत’ म्हणून अंध मुलाला फुकट बोलवायचं, शाल घालायची, फोटो काढायचा आणि मग दुसऱ्या दिवशी परत बोर्डाकडे तोंड करून शिकवायचं, हा प्रकार त्याने लहानपणापासून पुष्कळ बघितलाय आणि त्याला त्याचा मनापासून कंटाळा आहे.

पहिलं काम काय, तर प्रोजेक्टर बंद. प्रत्येकाने येताना आपल्या विषयाच्या नोट्स पेनड्राईव्हमध्ये आणलेल्या असतात, आम्ही सांगितलेलंच असतं. एकेकाची फाईल लॅपटॉपवर घ्यायची आणि एनव्हीडीए लावायचं. एनव्हीडीए म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्यांदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ साली सुरू केलं, अगदी फुकट आहे, मराठी पण वाचतं, कन्नड पण वाचतं. आवाज जरा यंत्रासारखा आहे पण ज्याला सवय झाली तो एवढ्या स्पीडला ऐकतो की आपल्याला एक शब्द कळत नाही. तर फाईल उघडली जाते आणि त्यातून काहीतरी ‘एफ, डॉलर, कंस, एम’ असलं भलतंच यायला लागतं. सगळे एकमेकांकडे बघतात. मागच्या एका बॅचला हिस्टरीचे सर घाबरून म्हणाले, "सर, हे काय बोलूलालंय, व्हायरस हाय काय?"

व्हायरस नव्हे, फॉन्ट. आमच्या भागातल्या मराठी नोट्स वर्षानुवर्षं श्रीलिपी नाहीतर कृतीदेवमध्ये टाइप झाल्यात आणि कन्नड नोट्स जुन्या नुडीत नाहीतर बरहमध्ये. या जुन्या फॉन्टची गंमत अशी की स्क्रीनवर आणि कागदावर दिसतं देवनागरी, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, नुसता वरचा आकार बदललेला. कृतीदेवमध्ये तुम्ही ‘कमल’ टाइप केलं की कॉम्प्युटरच्या लेखी ती डी, ई, वाय ही तीन अक्षरं, त्यामुळे एनव्हीडीए बिचारं ‘डे’ म्हणून वाचतं आणि पुढे जातं. म्हणजे ज्या नोट्स आपण पोरांना कौतुकाने मेल केल्या त्यातला एकही शब्द त्या मुलाला वाचता आलेला नाही. युनिकोडमध्ये (म्हणजे जिथे आत पण खरं देवनागरी नाहीतर कन्नड अक्षरच साठवलेलं असतं) असेल तरच वाचता येतं. आणि दुसरा प्रकार त्याहून वाईट, फोनवरून वहीचे फोटो काढून पीडीएफ केलेली. तिथे तर काहीच आवाज येत नाही, कारण त्यात अक्षरं नाहीतच, चित्र आहे.

इथे मला नेहमी वाटतं की आपण चुकीच्या माणसाला ट्रेनिंग देतोय. कारण नोट्स टाइप कोण करतं? कॉलेजच्या गेटासमोरचा डीटीपीवाला! सर हाताने लिहून देतात, तो रात्री बसून श्रीलिपीत मारतो, झेरॉक्स काढतो, पोरं विकत घेतात. परीक्षेचे इंटर्नलचे पेपर पण तोच. म्हणून आता आम्ही आग्रहच धरतो की डीटीपीवाल्याला, ऑफिसातल्या टायपिस्टला आणि लायब्ररीयनला पण ट्रेनिंगला बसवा. प्रिन्सिपलना ते आधी विचित्र वाटतं (टीचर्सच्या प्रोग्रामला झेरॉक्सवाला कशाला?), पण एका कॉलेजसमोरच्या पोराने दुपारच्या चहाच्या आत सगळं समजून घेतलं आणि जुन्या फाईली कन्व्हर्टरमधून युनिकोडला आणून दाखवल्या सुद्धा. जोडाक्षरं आणि रफार काही ठिकाणी तुटतात, ते हाताने बसून दुरुस्त करावं लागतं, त्याला दुसरा उपाय नाही.

मग येतो बोलण्याचा भाग, आणि माझ्या मते सगळ्या ट्रेनिंगचा जीव इथे आहे. प्रत्येकाने पाच मिनिटं आपला नेहमीचा धडा शिकवायचा, फोनवर रेकॉर्ड करायचा, आणि मग सगळ्यांनी बोर्डाकडे न बघता नुसतं ऐकायचं. ऐकू काय येतं: "आता हे बघा, हे इथून तिथे गेलं, म्हणजे हे कमी झालं, मग इथं काय येणार? बरोबर, हे येणार." अर्थशास्त्र आहे का गणित आहे का जादूचे प्रयोग चाललेत, काही पत्ता लागत नाही. आमचा तो ट्रेनर शांतपणे विचारतो, "सर, कुठून कुठे गेलं?" आणि हॉल हसतो, पण सर हसत नाहीत, कारण त्यांना पहिल्यांदाच कळलेलं असतं की आपल्या शिकवण्यातला निम्मा मजकूर बोटात होता.

डिमांड कर्व्हचंच घ्या. ‘ही अशी रेषा येते’ म्हणण्यापेक्षा ‘उभ्या अक्षावर किंमत, आडव्या अक्षावर मागणी, आणि रेषा डावीकडे वरून सुरू होऊन उजवीकडे खाली उतरते, म्हणजे किंमत उतरली की मागणी वाढली’ एवढं म्हणायला किती वेळ लागतो? आणि हे वाक्य फक्त अंध मुलाला लागतं असं नाही, मागच्या बाकावर खांबाआड बसलेल्याला लागतं, बोर्डाचं उतरवून घेताना मागे पडलेल्याला लागतं, घरी जाऊन वही उघडल्यावर ‘ही रेषा कशाची की’ असं वाटणाऱ्याला तर लागतंच लागतं. लेजरचं खातं पण तसंच, ‘डाव्या बाजूला डेबिट, तिथं टू कॅश पाच हजार’ असं तोंडाने म्हणत लिहायचं. अकाउंटन्सी शिकवणाऱ्यांना हे सोपं जातं कारण जुने मास्तर असंच घोकून घ्यायचे. सायन्सवाल्यांचे हाल होतात, खासकरून केमिस्ट्रीची रचना तोंडाने सांगायची म्हणजे घाम निघतो.

त्याच रेकॉर्डिंगमध्ये दुसरी गोष्ट सापडते, बोर्डाकडे तोंड करून बोललेलं अर्धं ऐकूच येत नाही. कमी ऐकू येणारी मुलं ओठांकडे बघून खूप काही भरून काढत असतात, आपण पाठ केली की त्यांचा तास संपला. लिहायचं, मग वळायचं, मग बोलायचं. कुणी प्रश्न विचारला तर उत्तराआधी प्रश्न मोठ्यांदा परत म्हणायचा, कारण मागून कोण काय बोललं ते पुढे कळत नाही. याला पैसा लागत नाही, उपकरण लागत नाही, पण सवय मोडायला सहा महिने लागतात, म्हणून एका दिवसाच्या ट्रेनिंगवर माझा विश्वास नाही. आम्ही परत जातो, त्याच लोकांचं परत रेकॉर्डिंग ऐकतो.

गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब पण दाखवतो, २०१९ पासून आहे, अँड्रॉइड फोनवर चालतं, सरांच्या टेबलावर ठेवलं की बोललेलं अक्षरात उमटतं. इंग्रजीत चांगलं, सावकाश बोललं तर मराठी-कन्नडमध्ये पण बरं. पण आम्ही बोलतो कसं? "सो हा जो प्रॉफिट आहे न, अदन्न आपण कॅपिटलला ॲड मारायचं" असं. एका वाक्यात तीन भाषा! त्यावर त्या ॲपने स्क्रीनवर जे काही उमटवलं ते बघून हॉल लोळला होता. तेव्हा मुद्द्याचं वाक्य एका भाषेत पूर्ण म्हणायचं, मग दुसऱ्या भाषेत परत म्हणायचं, असं आम्ही सांगायला लागलो. मुळात मूकबधिर मुलांचं सगळं गणितच वेगळं असतं, घरी मराठी, शाळा कन्नड, आणि स्वतःची भाषा इंडियन साइन लँग्वेज, तिचं व्याकरण या दोन्हींपेक्षा वेगळं. दिल्लीत तिच्यासाठी २०१५ पासून सरकारी संशोधन केंद्र आहे, पण आमच्या भागातल्या कॉलेजात तासाला बसणारा दुभाषी मी तरी अजून बघितलेला नाही.

भाषेचा विषय आमच्याकडे निघाला की चहा गार होतो, हे तुम्हाला माहीत आहेच. सीमेचं राजकारण मी इथे काढत नाही, त्यासाठी माणसं पुष्कळ आहेत. पण वर्गात मराठी मीडियमची, कन्नड मीडियमची, उर्दू मीडियमची पोरं एकत्र बसतात आणि पुस्तक इंग्रजीत, ही वस्तुस्थिती आहे, आणि ॲक्सेसिबिलिटीच्या कुठल्याच स्लाईडवर ती नसते. जांबोटीकडच्या पोरीला ‘डेप्रिसिएशन’ समजत नाही ते तिच्या डोक्यामुळे नव्हे, घसारा म्हटलं की दोन सेकंदात डोळे चमकतात, शेजारच्या गोकाकच्या पोराला कन्नडमध्ये सवकळी म्हटलं की तेच. प्रत्येक युनिटच्या आधी दहा-बारा शब्दांचा तीन-चार भाषांतला तक्ता, तो पण युनिकोडमध्ये, एवढं केलं तरी फरक पडतो. माझा मराठी सहकारी कन्नड शब्द विचारायला कन्नड मॅडमकडे जातो आणि त्या याच्याकडे येतात, हा एक बोनस, पण त्याचं कुणी उगाच मोठं करून फोटो काढू नये.

आता आक्षेप. पहिला सगळीकडे सारखाच: "आमच्या वर्गात असं कुणीच नाही." कशावरून नाही? १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. त्यात डिस्लेक्सियासारख्या लर्निंग डिसॅबिलिटी आल्या, सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आले. मानसिक आजार तर आधीच्या यादीत पण होते. वर्गात बघून यातलं काय दिसतं? वारंवार गैरहजर राहणारा पोरगा आळशी आहे का त्याला दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, हे हजेरीपटावर लिहिलेलं नसतं. आणि मुलींच्या बाबतीत तर घरचेच सर्टिफिकेट काढू देत नाहीत, पुढे लग्नात अडचण येईल म्हणून. त्यामुळे ‘आधी कार्ड दाखव मग नोट्स मोठ्या अक्षरात देतो’ हा हिशोब मला मान्य नाही. नोट्स सगळ्यांनाच वाचता येतील अशा द्या, कोण वापरतंय याची चौकशी कशाला? स्लाईडवर नफा हिरवा आणि तोटा लाल दाखवत असाल तर शेजारी ‘नफा’, ‘तोटा’ लिहा, लाल-हिरवा न ओळखता येणारा मुलगा वर्गात असला तरी तो स्वतः कधीच सांगत नाही, कित्येकदा त्याला पण माहीत नसतं.

दुसरा आक्षेप सिलॅबस. हा खरा आहे, मी त्यावर वाद घालत नाही. कर्नाटकात २०२१ ला चार वर्षांची डिग्री आली, २०२४ ला परत तीन वर्षांची झाली, दर वेळी पुस्तकं नवी, युनिट नवे, आणि सेमिस्टर तर डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतं. पण ‘डावीकडून उजवीकडे’ म्हणायला सिलॅबस आड येत नाही.

तिसरा आक्षेप कुणी उघड बोलत नाही पण असतो, की ही सवलत म्हणजे मार्कांची खिरापत. मग परीक्षेचा विषय काढावाच लागतो. केंद्राच्या गाइडलाइन्सप्रमाणे रायटर (सांगेल ते पेपरात लिहून देणारा लेखनिक) घेणाऱ्या, किंवा घ्यायचा हक्क असलेल्या, विद्यार्थ्याला तासाला किमान २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. २०२१ ला सुप्रीम कोर्टाने विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या केसमध्ये सांगितलं की ४० टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट नसलं तरी, हाताला लिहायचा त्रास होत असेल तर रायटर नाकारता येणार नाही. त्या मुलाला रायटर्स क्रॅम्प होता, लिहिताना हात आखडायचा. हे ऐकल्यावर हॉलमध्ये जी शांतता पसरते ती मला बरी वाटते. कारण आपल्याकडे रायटरची शोधाशोध पेपरच्या आदल्या संध्याकाळी सुरू होते, कुणाची तरी पीयूसीतली बहीण पकडून आणतात, आणि तिला बॅलन्स शीटचा फॉरमॅट माहीत नसतो तो भाग वेगळाच. कॉलेजने सेमिस्टरच्या सुरुवातीलाच रायटरची यादी करावी, यात काय अवघड आहे?

निपाणीला तर आणखी मजा. देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे निपाणीला चिकटून पण कागल तालुक्यात, महाराष्ट्रात, शिवाजी विद्यापीठाखाली. निपाणीतली बाकीची डिग्री कॉलेजं राणी चन्नम्मा विद्यापीठाखाली. एकाच गल्लीतली दोन भावंडं दोन राज्यांच्या विद्यापीठात. परिपत्रकं वेगळी, अर्ज वेगळे, अर्ज कुणाच्या सहीने जातो ते पण वेगळं. केंद्राचा कायदा मात्र दोघांना एकच, ५ टक्के राखीव जागांसकट, आणि हे क्लार्कला समजावून सांगायचं काम शेवटी त्या मुलाच्या बापाच्याच गळ्यात पडतं.

कायद्याचं आम्ही मुद्दाम शेवटी ठेवतो. आधी कायदा सांगितला की लोक हाताची घडी घालतात. २०१६ च्या कायद्याच्या कलम ४७ मध्ये शिक्षकांच्या, कॉलेज-विद्यापीठातल्या शिक्षकांच्या सुद्धा, अभ्यासक्रमात हा विषय घालायला सांगितलाय, यूजीसीची २०२२ ची ॲक्सेसिबिलिटीची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, कॉलेज शिक्षकांसाठीच्या मालवीय मिशनच्या ट्रेनिंगमध्ये पण इन्क्लूझिव एज्युकेशन हा एक विषय आहे. कागदावर कमी काही नाही. आणि नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) तपासणी असली की रॅम्प होतो, लिफ्टचं कोटेशन मागवतात, टॉयलेटवर निळा बोर्ड लागतो (आतली कडी एवढ्या उंच का बसवतात ते देव जाणे). रॅम्पने मुलगा वर्गाच्या दारापर्यंत येतो. दाराच्या आत सरांचं बोलणं आणि डीटीपीवाल्याचा फॉन्ट. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की ट्रेनिंग त्या दोन गोष्टींवर व्हावं, सरांच्या स्वतःच्या उद्याच्या तासावर, परक्या उदाहरणांवर नव्हे. अमेरिकेतल्या कास्ट संस्थेचं युनिव्हर्सल डिझाईन फॉर लर्निंग म्हणून एक चांगलं चौकटबद्ध काम आहे, शिकण्यात गुंतवायचे, माहिती मांडायचे आणि मुलाला आपलं उत्तर व्यक्त करायचे अनेक मार्ग ठेवा असं त्याचं सार, मी स्वतः ते वाचतो, पण पहिल्या दिवशी ते काढत नाही. लोक ती तीन तत्त्वं लिहून घेतात आणि श्रीलिपीतच टाइप करून आणतात!

कॉपीराइटची भीती पण काढून टाकावी लागते. पुस्तक स्कॅन करून अंध मुलाला वाचता येईल असं करून दिलं तर कॉपीराइटचा गुन्हा होत नाही, २०१२ च्या दुरुस्तीत तशी सूट आहे, आणि याच विषयावरचा मराकेश करार मान्य करणारा जगातला पहिला देश आपला, २०१४ साली. सुगम्य पुस्तकालय, म्हणजे छापील वाचता न येणाऱ्यांसाठीच्या पुस्तकांची लायब्ररी, २०१६ पासून ऑनलाइन आहे. लायब्ररीयनने विद्यार्थ्याला तिथं मेंबर करून द्यायचं, एवढं काम.

राहता राहिले गेस्ट लेक्चरर. सरकारी कॉलेजांत तासांचा मोठा भार त्यांच्यावरच, पण ट्रेनिंगच्या यादीत त्यांचं नाव नसतं, कारण प्रमोशनच नाही तर सर्टिफिकेट कशाला, असा हिशोब. त्या दिवशीचा तास बुडाला तर पगाराचं काय ही त्यांची काळजी. मला तर अनुभव असा की सगळ्यात मन लावून ऐकतात तेच. म्हणून त्यांची ड्युटी लावून, पगार न कापता बसवणार असाल तरच आम्ही येतो, असं आता आधीच फोनवर सांगून टाकतो. दोन कॉलेजांनी त्यावरून फोन ठेवला. ठेवू देत.

पुढची बॅच खानापूरला आहे, दिवाळीनंतर. येणाऱ्यांनी पेनड्राईव्हमध्ये आपल्या सगळ्यात जुन्या नोट्स आणाव्यात, नव्या सुधारलेल्या नव्हे, जुन्याच, आणि इअरफोन आणावा. पीपीटी करून आणू नये. आणि तुमच्या कॉलेजसमोरच्या डीटीपीवाल्याला आमच्यातर्फे निमंत्रण आहे म्हणून सांगा, जेवण आहे.